तुर्कस्तानात राहायला जाताना आणि तिथून घरी परतताना: कागदांपासून चहापर्यंत

शिक्षण असो, नोकरी असो की लग्न, तुर्कस्तानात वर्ष-दोन वर्षे काढायची म्हटली की मराठी माणसाला दोनदा गोंधळायला होते. एकदा तिथे पोचल्यावर सरकारी खिडकीसमोर आणि एकदा परत आल्यावर स्वतःच्याच घरात. पहिल्या गोंधळाबद्दल विचारपूस करून माहिती मिळते. दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि परतीची निम्मी कामे तिथे असतानाच उरकायची असतात हे बऱ्याच जणांना विमानात बसल्यावर कळते. म्हणून इथे जाणे आणि येणे एकत्रच घेतले आहे.

मोठी शहरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे: इस्तंबूल, अंकारा, इझमीर. कोन्या, कायसेरी किंवा एर्झुरूमला निघालेल्यांनी थंडी आणि सोवळेपणा दोन्ही थोडे जास्त धरावे. सरकारी फी दर जानेवारीत वाढते, म्हणून फीचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावर दिसेल तोच आकडा खरा.

१. निघण्यापूर्वी: कागद आणि नाव

बरोबर काय हवे:

- पासपोर्ट. राहण्याचा परवाना जितक्या काळाचा मागणार, त्याच्या पुढे किमान ६० दिवस तो वैध हवा.
- जन्मदाखला, लागू असेल तर लग्नाचा दाखला, पदवी आणि गुणपत्रिका, सगळे इंग्रजीत आणि अपोस्टिल केलेले.
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे बायोमेट्रिक फोटो, डझनभर. एका परवान्याच्या अर्जालाच चार जातात.
- नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे, कारण आपली ब्रँडची नावे तिथे कोणाला कळत नाहीत.
- गोल, बारीक पिनांचे दोन-तीन अडॅप्टर. व्होल्टेज आपल्यासारखेच, पण आपली तीन पिनांची जाड प्लग तिथे बसत नाही.

अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा शिक्का. भारत आणि तुर्कस्तान दोघेही त्या करारात आहेत, त्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. आधी राज्य पातळीवरचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, हा क्रम पाळा. तुर्की भाषांतर मात्र इथून करून नेऊ नका. तिथला नोतेर, म्हणजे नोटरी, स्वतःकडे शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचेच काम स्वीकारतो. पुण्या-मुंबईत केलेले भाषांतर कितीही अचूक असले तरी बाजूला ठेवले जाते आणि पैसे दोनदा जातात.

आता नाव. हा खास आपला सापळा आहे. मराठी पासपोर्टात ‘दिलेले नाव’ या रकान्यात बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकत्र असते. तुर्की अर्जात नाव आणि आडनावाशिवाय ‘बाबा आदी’ म्हणजे वडिलांचे नाव आणि ‘आन्ने आदी’ म्हणजे आईचे नाव असे वेगळे रकाने असतात. नावाच्या रकान्यात पासपोर्टात आहे ते सगळे लिहायचे आणि वडिलांचे नाव त्यांच्या रकान्यात पुन्हा लिहायचे. एका कागदावर ‘सचिन विठ्ठल’ आणि दुसऱ्यावर नुसते ‘सचिन’ झाले, तर संगणकाच्या लेखी ती दोन माणसे. तुर्की वर्णमालेत डब्ल्यू, क्यू, एक्स ही अक्षरे नाहीत आणि ‘श’साठी खाली शेपटी असलेला वेगळा ‘एस’ आहे. खिडकीपलीकडचा माणूस सवयीने तुमचे नाव तुर्की पद्धतीने टंकतो. छापण्याआधी पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा आणि पासपोर्टाशी अक्षर न अक्षर ताडून बघा. हे संकोचाने टाळले की परत येईपर्यंत प्रत्येक दाखल्यावर ती चूक मागे लागते.

व्हिसाबद्दल एवढेच: वैध शेंगेन, अमेरिकी, ब्रिटिश किंवा आयरिश व्हिसा असलेल्या भारतीयांना मिळणारा ई-व्हिसा पर्यटनासाठी आणि व्यापारी भेटींसाठी असतो. शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी वाणिज्य दूतावासातून त्या-त्या प्रकारचा व्हिसा घ्यावा. नोकरीच्या बाबतीत तुमचा अर्ज झाल्यावर तिकडच्या मालकाला दहा कामाच्या दिवसांत त्याचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. तो भरला का, हे त्याला फोन करून विचारत राहा. एकदा हातात आलेला कामाचा परवाना राहण्याचा परवाना म्हणूनही चालतो, वेगळा काढावा लागत नाही.

आणि आपले भारतीय सिम बंद करू नका. बँक, आधार, प्राप्तिकर, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. परदेशात संदेश मिळतील असे रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्या, कारण तिथून ते सुरू करायलाही ओटीपीच लागतो.

२. पहिले चार आठवडे: कामांचा क्रम

क्रम चुकला की चक्रव्यूह होतो. बँक पत्ता मागते, पत्त्याच्या नोंदीला राहण्याचा परवाना लागतो, परवान्याला भाडेकरार लागतो आणि घरमालक बँकेतून भाडे मागतो. बाहेर पडण्याची वाट अशी:

पहिले काम वेर्गी नुमारासी, म्हणजे करक्रमांक. पासपोर्ट दाखवला की करकार्यालयातून किंवा ऑनलाइन मिळतो आणि तो बँकेपासून वीजजोडणीपर्यंत सगळीकडे लागतो. मग सिम कार्ड. त्यानंतर घर आणि आरोग्य विमा. हे हाताशी आले की राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे इकामेतचा अर्ज.

इकामेत स्थलांतर खात्याकडून मिळतो, त्याला तिथे गोच इदारेसी म्हणतात. अर्ज ई-इकामेत या संकेतस्थळावर भरायचा. विद्यार्थ्यांचे काम काही ठिकाणी विद्यापीठाचे कार्यालयच करते, ते आधी विचारा. व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्ज झालाच पाहिजे आणि तो पहिल्या महिन्यातच टाकलेला बरा. लागणारे कागद: सही केलेला अर्ज, पासपोर्टाच्या प्रती, चार फोटो, आरोग्य विमा, उत्पन्नाचा किंवा प्रवेशाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि फी भरल्याच्या पावत्या. भाडेकराराची प्रत नोटरी केलेली मागतात. कार्ड टपालाने घरच्या पत्त्यावर येते. दारावरच्या घंटीपाशी तुमचे नाव नसेल तर पोस्टमन ते परत नेतो, म्हणून त्या आठवड्यात घंटीवर नावाची चिठ्ठी चिकटवा.

कार्डावरचा ९९ ने सुरू होणारा अकरा आकडी क्रमांक पाठ करा. तो मिळाल्यापासून २० कामाच्या दिवसांत नुफुस, म्हणजे नागरिक नोंदणी, कार्यालयात पत्ता नोंदवायचा. घर बदलले तर पुन्हा तेच. इकामेत मिळाला म्हणजे पत्ता आपोआप नोंदला गेला असे समजून लोक हे विसरतात आणि दंड भरतात. त्यानंतर पोस्टात, ज्याला तिथे पे-ते-ते म्हणतात, कार्ड दाखवून ए-देवलेतचा पासवर्ड घ्या. हे तिथले सरकारी सेवांचे एकच दार आहे. विमा, पत्ता, वीज, फोन, पोलिस दाखला, सगळे तिथूनच होते.

इथले सापळे चार.

पहिला फोन. भारतातून नेलेला फोन तुर्की सिमवर १२० दिवस चालतो. मग त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, अडवला जातो. वाय-फाय चालू राहते, कॉल बंद. नोंदणी ए-देवलेतवरून होते, पण फी इतकी की मध्यम किमतीचा फोन त्यात येईल. अल्प मुक्कामाला जाणाऱ्याने महाग फोन घरच्या वाय-फायला ठेवावा आणि तुर्की सिमसाठी तिथलाच साधा फोन घ्यावा.

दुसरा मोहल्ला. ज्या मोहल्ल्यांत परदेशी लोकांचे प्रमाण ठरावीक टक्क्यांच्या वर गेले, ते २०२२ पासून नव्या परदेशी नोंदणीला बंद आहेत. घर आवडले, अनामत दिली आणि मग कळले की तिथे पत्ताच नोंदता येत नाही, असे होते. अनामत देण्याआधी मोहल्ल्याचे नाव घेऊन स्थलांतर खात्याकडे चौकशी करा. ‘होऊन जाईल’ असे दलालाने म्हटले तर ते ऐकून सोडून द्यायचे.

तिसरा विद्यार्थ्यांचा विमा. सरकारी सामाजिक सुरक्षेचा स्वस्त विमा पहिल्या नोंदणीपासून तीन महिन्यांत घेतला नाही, तर त्या शिक्षणक्रमापुरता हक्क जातो. मग दर वर्षी खाजगी विमा.

चौथा नूतनीकरण. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. अर्ज प्रलंबित असताना मिळणाऱ्या पावतीवर देशाबाहेर गेलात तर १५ दिवसांत परत या. दिवाळीसाठी तीन आठवड्यांचे तिकीट काढून बसलेल्यांची पंचाईत होते ती याच ठिकाणी.

३. घर

जाहिरातीत १+१, २+१ असे लिहिलेले असते. अधिकानंतरचा आकडा दिवाणखान्याचा. म्हणजे २+१ हा आपला टू बीएचके. भाड्याशिवाय आयदात, म्हणजे इमारतीचा मासिक देखभाल खर्च, वेगळा असतो. लिफ्ट, जिन्याची सफाई आणि कापजीचा पगार त्यात येतो. कापजी म्हणजे इमारतीचा राखणदार. जुन्या इमारतींत तो सकाळी ताजा पाव दाराशी ठेवतो आणि संध्याकाळी कचरा नेतो. त्याच्याशी पहिल्या दिवसापासून ओळख ठेवावी.

कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. दलाल, म्हणजे एमलाकची, साधारण एका महिन्याचे भाडे घेतो. भाडे रोखीत देऊ नका. बँकेतून पाठवा आणि तपशिलात महिना आणि घराचा क्रमांक लिहा, कारण पुढे वाद झाला तर तेवढाच पुरावा. वार्षिक वाढीला मागच्या बारा महिन्यांच्या सरासरी महागाईची मर्यादा आहे. २०२२ ते २०२४ या काळात असलेली २५ टक्क्यांची मर्यादा आता उठली आहे, म्हणून जुन्या लोकांचा हिशेब धरून बसू नका.

सगळ्यात धोक्याचा कागद म्हणजे ताहलिये ताआह्हुतनामेसी, ‘अमुक तारखेला घर सोडीन’ असे लिहून देणे. कराराच्या गठ्ठ्यात तारीख कोरी ठेवून हा कागद सरकवतात. करारासोबत त्याच वेळी घेतलेले असे वचन न्यायालयात टिकत नाही, पण तारीख कोरी असली की मालक ती मागाहून सोयीने भरतो आणि ती आधीच कोरी होती हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. कोऱ्या तारखेवर सही करायची नाही. ‘सगळेच करतात’ हे खरे आहे, तरी नाही.

भूकंप विसरून घर बघू नये. १७ ऑगस्ट १९९९ चा इझमित परिसरातला आणि ६ फेब्रुवारी २०२३ चा कहरामानमराशचा भूकंप, दोन्ही वेळी जुन्या आणि निकृष्ट बांधकामाच्या इमारती कोसळल्या. इमारतीचे वय विचारा, २००० नंतरची घ्या, २०१९ नंतरच्या नियमांची असेल तर उत्तम. तळमजल्यावर दुकान असेल तर आत जाऊन खांब बघा. जागा मोकळी करण्यासाठी खांब कापण्याचे प्रकार तिथे घडले आहेत. आपल्या मोहल्ल्याची भूकंपानंतर जमण्याची जागा ए-देवलेतवर दिसते, ती एकदा चालत जाऊन बघून ठेवा. आपत्कालीन नंबर सगळ्यासाठी एकच, ११२.

वीज आणि पाणी आपल्या नावावर करायला इमारतीचा सक्तीचा भूकंप विमा, दास्क, लागतो. तो मालकाने काढायचा असतो, करार करतानाच त्याची प्रत मागून घ्या. स्वयंपाकाला आणि कोंबी नावाच्या भिंतीवरच्या बॉयलरला पाइपचा गॅस असतो. हिवाळ्यात कोंबी पूर्ण बंद करून दिवसभर बाहेर जाऊ नका. थंडगार घर पुन्हा तापायला फार वेळ लागतो, आणि अंकाऱ्यासारख्या ठिकाणी पाइप गोठण्याची भीती वेगळीच. मंद ठेवून जा. प्यायच्या पाण्याचे १९ लिटरचे जार फोनवर मागवतात. पहिल्या वेळी जारची अनामत द्यावी लागते, मग रिकामा देऊन भरलेला घ्यायचा. एका गोष्टीचे मात्र हायसे वाटेल: शौचालयात भांड्यालाच पाण्याची बारीक नळी बसवलेली असते.

४. शाकाहाऱ्यांचे पोट

‘एत’ म्हणजे मांस. ‘एतसिझ’ म्हणजे मांसाशिवाय. पण नुसते एतसिझ म्हणून भागत नाही. तुर्की स्वयंपाक्याच्या लेखी मटणाच्या पाण्यात शिजलेली डाळ एतसिझच, कारण तिच्यात तुकडा नाही. नेमका प्रश्न असा विचारायचा: ‘इचिन्दे एत सुयू वार मी?’ यात मांसाचे पाणी आहे का? आणि लगेच ‘तावुक सुयू?’, कोंबडीचे? मसुरीचे सूप मेर्जिमेक चोर्बासी आणि भात या दोन्हींत हे हमखास निघते. कुरु फासुल्ये, म्हणजे पांढऱ्या घेवड्याच्या उसळीत, बारीक मांसाचे तुकडे असतात.

निर्धास्त खाण्यासारखे म्हणजे झेयतिन्याली या गटातले पदार्थ. या ऑलिव्ह तेलात शिजवून थंड वाढलेल्या भाज्या: फरसबी, आर्टिचोक, वांग्याचे इमाम बायलदी, द्राक्षाच्या पानांची भाताची वळकटी. वळकटीत मात्र खिम्याचाही प्रकार असतो, म्हणून ‘झेयतिन्याली मी?’ विचारायचे. रस्त्यावरचे चि क्योफ्ते नावाने कच्च्या मांसाचे असले तरी दुकानात मिळते ते बुलगुर (गव्हाचा दलिया) आणि तिखटाचे, मांसाशिवायच. सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव), पालकाचे किंवा चीजचे ग्योझलेमे (सारण भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी) आणि चीजची पिदे (होडीच्या आकाराचा भाजलेला पाव) हे कुठेही मिळतात. दुपारी एसनाफ लोकान्तासी, म्हणजे कामगार-दुकानदारांच्या खानावळीत जा. पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, बोट दाखवून विचारता येते.

घरी रांधणाऱ्यांसाठी: मसूर डाळ, हरभरे, चवळी, बुलगुर, दही, तीळ, पुदिना भरपूर. तूरडाळ, हिंग, गूळ, कढीपत्ता, गोडा मसाला मिळण्याची आशा नको, तेवढे सामानात न्या. चपातीला ‘ताम बुदाय उनू’ घ्या, गव्हाचे पूर्ण पीठ. साध्या पिठाची चपाती मैद्यासारखी चिवट होते. आठवड्याचा मोहल्ल्याचा बाजार संध्याकाळी उठायच्या वेळी स्वस्त होतो, हे जगात सगळीकडे सारखेच.

५. माणसांत वावरताना

दारात चपला काढायच्या, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. फक्त आत अनवाणी फिरायचे नसते. यजमान घरात घालायच्या सपाता पुढे करतो, त्या घाला. आल्या आल्या हातावर लिंबाचे कोलोन्या, म्हणजे सुगंधी पाणी, ओततात. ओंजळ करून घ्या, हात चोळा, हवे तर तोंडावरून फिरवा. रिकाम्या हाताने जायचे नाही, मिठाई चालते. शेजारणीने ताटलीत काही पाठवले तर ताटली रिकामी परत जात नाही, त्यात घरचे काही तरी घालून पाठवायचे. आपल्याकडच्या डब्याचा नियमच तिथेही आहे. चिवडा पाठवला तर पुढच्या वेळी मागून घेतील.

चहा लहान कंबरेच्या काचेच्या पेल्यात येतो आणि पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे झाले तर चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. नुसते ‘नको’ म्हटलेले संकोच समजून पुढचा पेला येतोच.

हातवाऱ्यांकडे जरा थांबून बघा, कारण घोटाळे इथेच होतात. ‘नाही’ म्हणताना तुर्की माणूस भुवया उंचावून डोके किंचित मागे टाकतो आणि जिभेने ‘च्क’ असा आवाज करतो. आपल्याकडे तो आवाज कीव किंवा वैताग दाखवतो. भाजीवाल्याने ‘च्क’ केले तर तो उद्धट नाही, टोमॅटो संपले आहेत एवढेच. उलट आपली मान डोलावण्याची सवय तिथे ‘मला समजले नाही’ अशी वाचली जाते, त्यामुळे तुम्ही होकार देत असता आणि समोरचा तेच वाक्य आणखी मोठ्याने सांगत असतो. तोंडाने ‘एवेत’ (हो) किंवा ‘तामाम’ (ठीक आहे) म्हणा. ‘एकदम मस्त’ म्हणून आपण अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करतो, ते तिथे शिवीसारखे आहे. ते वर्ज्य.

नावापुढे स्त्रीला हानिम, पुरुषाला बेय. थोडी ओळख झाली की आपल्याहून मोठ्या पुरुषाला आबी, बाईला आबला, वयस्करांना आमजा आणि तेयझे. वडीलधाऱ्यांचा हात सणाला चुंबून कपाळाला लावतात. परधर्मीयाकडून ती अपेक्षा नसते, केले तर आवडते. काम करणाऱ्याजवळून जाताना ‘कोलाय गेलसिन’, जेवण झाल्यावर रांधणाऱ्याला ‘एलिनिझे साअलिक’, आजारी किंवा अडचणीतल्या माणसाला ‘गेचमिश ओलसुन’, दुःखाच्या घरी ‘बाशिनिझ साओलसुन’. ही चार वाक्ये व्याकरणाच्या पुस्तकाआधी पाठ करा. ती योग्य वेळी म्हणणाऱ्या परक्याची अडलेली कामे होतात.

पाव खाली पडला तर उचलून उंचावर ठेवतात, कचऱ्यात टाकत नाहीत. उरलेला पाव पिशवीत घालून कचऱ्याच्या डब्याबाहेर अडकवलेला दिसेल. तसेच करा. रमझानमध्ये मोठ्या शहरांत खानावळी उघड्या असतात, पण आतल्या गावांत दिवसा रस्त्यावर खाणे-पिणे टाळावे. पहाटे ढोल वाजला तर घाबरू नका, सहरीला उठवणारा तो.

आधुनिक तुर्कस्तानाचे संस्थापक अतातुर्क यांच्याविषयी थट्टा नको. त्यांच्या स्मृतीच्या अवमानाविरुद्ध १९५१ पासून स्वतंत्र कायदा आहे. १० नोव्हेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी भोंगा वाजतो आणि रस्त्यावरचे बहुतेक लोक जागच्या जागी उभे राहतात, गाड्याही थांबतात. तुम्हीही थांबा. राष्ट्राध्यक्षांच्या अवमानावरही गुन्हा दाखल होतो, समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरही. पाकिस्तान हा तिथे बंधुदेश मानला जातो आणि गप्पांत तो विषय येतोच. वाद जिंकून काही मिळत नाही. विषय क्रिकेटकडे नेता येत नाही कारण क्रिकेट कोणाला ठाऊक नसते, म्हणून हिंदी सिनेमाकडे न्यावा.

६. भाषा

मराठी माणसाला तुर्की वाक्यरचना जड जात नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला मागून चिकटतात: ‘एव’ घर, ‘एवदे’ घरात, ‘एवदेन’ घरातून. अडते ते स्वरांच्या मेळाशी, म्हणजे शब्दातल्या स्वराप्रमाणे प्रत्यय बदलतो: ‘एवदे’, पण ‘ओकुलदा’. युनूस एम्रे संस्थेचे ऑनलाइन धडे मोफत आहेत, ते निघण्याआधी दोन महिने सुरू करा. इंग्रजीवर विद्यापीठात निभते, नुफुस कार्यालयात निभत नाही.

७. परतीच्या आधीचे दोन महिने

ए-देवलेत हातात असतानाच हे सगळे काढा:

- आदली सिजिल कायदी, पोलिस चारित्र्याचा दाखला.
- राहत असलेल्या पत्त्याचा आणि विम्याच्या नोंदींचा उतारा.
- विद्यार्थ्यांनी पदवी, गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाचा तपशील. नोकरदारांनी अनुभवाचे पत्र आणि पगाराचे करप्रमाणपत्र.
- यांवर तिथले अपोस्टिल. ते जिल्हा प्रशासनाच्या कायमाकामलिक कार्यालयात होते. भारतात बसून ते करायचे तर तिथे कोणाला तरी मुखत्यारपत्र द्यावे लागते, म्हणून आताच.

मुले शाळेत असतील तर तुर्की शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला संपते आणि महाराष्ट्रातल्या शाळा त्याच सुमाराला उघडतात. प्रगतिपुस्तकाची वाट न बघता मे महिन्यातच शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणांचा उतारा मागा. मूल तिथे जन्मले असेल तर भारतीय दूतावासात जन्मनोंद एका वर्षाच्या आत व्हायला हवी. जोडीदार तुर्की असेल तर लग्न नोंदून सलग दोन वर्षे झाल्यावर त्याला ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डाचा, अर्ज करता येतो. तोवर व्हिसावर यावे लागते, आणि तो १८० दिवसांहून मोठा असेल तर भारतात पोचल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते.

घर सोडताना वीज, पाणी, गॅस तिन्हींची जोडणी स्वतः रद्द करा आणि भरलेली हमी रक्कम परत मागा. चावी देऊन निघून आलात तर पुढच्या भाडेकरूचे बिल तुमच्या नावावर चढत राहते. इंटरनेट आणि फोनचे करार बहुधा १२ किंवा २४ महिन्यांच्या बांधिलकीचे असतात, मध्ये सोडल्यास भरपाई लागते. बँक खाते सगळ्यात शेवटी बंद करा, कारण हमी रकमा तिथेच येतात.

सामानात काय घालू नये: जुनी नाणी, उत्खननाच्या जागेवरून उचललेला दगड किंवा खापर, शंभर वर्षांहून जुना गालिचा. पुरातत्त्व कायदा कडक आहे आणि ‘आठवण म्हणून घेतला’ हे उत्तर विमानतळावर चालत नाही. नवा हातमागाचा गालिचा घेतला तर दुकानाची पावती हातातल्या पिशवीत ठेवा.

८. घरी परतल्यावर

पहिले काही महिने चिडचिड होते, आणि तिचे कारण घरच्यांना कळत नाही, कारण त्यांच्या लेखी तुम्ही ‘बाहेर’ होतात आणि आता परत आलात, एवढेच. नेमके काय खटकते ते ओळखून ठेवले तर सोपे जाते.

चहा पहिला. दिवसाला सात-आठ बिनदुधाचे पेले पिणाऱ्याला दोन वेळचा दुधाचा चहा पुरत नाही. घरी तुर्की चहा करायचा तर दोन मजली चायदानलिक आणा, नाहीतर एका भांड्यावर दुसरे बसेल अशी जोडी घ्या. खालच्यात पाणी उकळा. वरच्यात चार-पाच चमचे पत्ती, तिच्यावर उकळते पाणी. खालच्यात पुन्हा पाणी भरून मंद आचेवर पंधरा मिनिटे, वरचा चहा उकळू न देता. पेल्यात तिसरा हिस्सा कोरा अर्क, बाकी गरम पाणी. आपली दाणेदार पत्ती वापरली तर पाच मिनिटांत कडू काढा होतो. तुर्कस्तानातल्या रिझे भागातून आणलेली पत्ती संपली की लांब पानांची दार्जिलिंग किंवा निलगिरी घ्या.

जीभ दुसरी. ‘इन्शाल्ला’, ‘माशाल्ला’, ‘आल्ला आल्ला’ हे शब्द तुर्की बोलण्यात नास्तिकाच्याही तोंडी असतात आणि तुमच्याही तोंडात बसतात. मराठी घरात, विशेषतः लग्नकार्यात, ते निघाले की माना वळतात. हसत एकदा सांगून टाकावे, सारवासारव करत बसू नये. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानाने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हापासून तर तुर्कस्तान हा शब्दच आपल्याकडे नाजूक झाला आहे. पुण्याच्या बाजारात तुर्की सफरचंदांवर बहिष्कार पडला आणि काही भारतीय संस्थांनी तिथल्या विद्यापीठांशी केलेले करार स्थगित केले. नोकरीच्या मुलाखतीत किंवा सोसायटीच्या बैठकीत प्रश्न येणार हे धरून चाला. तिथल्या सरकारची वकिली तुमच्याकडे कोणी सोपवलेली नाही आणि तिथल्या शेजाऱ्यांना शिव्या घालायचीही गरज नाही. ‘तिथे काय शिकलो, कोणते काम केले’ एवढे नेमके उत्तर ठेवा.

तिसरी गोष्ट पाहुणचाराची. तिथे गालाला गाल लावून भेटणे, मित्राच्या खांद्यावर हात टाकून चालणे, जेवणानंतर दोन तास नुसते बसणे अंगवळणी पडते. इथे लोक घाईत असतात आणि ते तुटक वाटते. रविवारची लांबलेली तुर्की न्याहारी घरी लावून बघा: ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, उकडलेली अंडी, पनीर, मध, लोणी, आणि भरपूर चहा. अकरा ते एक. आजी-आजोबांना ऑलिव्ह आवडत नाहीत, बाकी सगळे चालते.

तुलना करण्याची सवय मात्र आवरावी. ‘तिथे रिक्षावाले असे नव्हते’ हे तिसऱ्यांदा म्हटले की घरचे ऐकणे बंद करतात.

९. पदवी, बँक आणि कर

परदेशी पदवी सरकारी नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला वापरायची तर समकक्षता लागते. यूजीसीच्या संकेतस्थळावरचे सध्याचे नियम बघून अर्ज करा, अपोस्टिल केलेली गुणपत्रिका तिथे कामी येते. डॉक्टरांचे नियम वेगळे आणि फार कडक आहेत, ते प्रवेश घेण्यापूर्वीच वाचायला हवेत.

जाताना बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे, केले असेल तर परत आल्यावर बँकेत कळवून ते पुन्हा रहिवासी खाते करून घ्या. तुर्की खात्यातले पैसे परकीय चलनातच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे रहिवाशाचे परकीय चलनातले, खाते उघडता येते. लिरा ठेवून मात्र बसू नका, महागाईत तो वितळतो.

करात एक गैरसमज पक्का रुजला आहे: परत आल्यावर दोन-तीन वर्षे परदेशी उत्पन्न करमुक्त असते. ती सवलत ‘रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही’ या वर्गाला आहे. त्यासाठी मागच्या दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी असावे लागते, किंवा मागच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसावा लागतो. दोन-तीन वर्षे तुर्कस्तानात राहून आलेला माणूस यात बसत नाही. तो रहिवासी ठरला की त्याच वर्षापासून तिथले चालू बँक खाते विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत दाखवावे लागते, खात्यात शंभर लिरा असले तरी. सोपे एक पानी विवरणपत्र मग चालत नाही. खाते ठेवायचे नसेल तर ३१ डिसेंबरच्या आत बंद करा आणि बंद केल्याचे पत्र जपून ठेवा.